अनुभवी कामगार निवृत्त होताना कुशल माणसे मिळवणे आणि टिकवणे : गोव्यातील उद्योगांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातील औद्योगिक वसाहतींत कार्मिक विभागाचे काम करताना, आणि नंतर लहान-मध्यम युनिटांना सल्ला देताना, कारखानदारांनी आणि व्यवस्थापकांनी मला पुन:पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने कारखान्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. हॉटेल, गोदी किंवा इस्पितळ चालवणाऱ्यांनाही त्यांतील बरेचसे लागू पडेल.

अनुभवी माणसे एकाच वेळी निवृत्त होत आहेत, असे का जाणवते?

कारण त्यांची भरतीही एकाच वेळी झाली होती. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा खाणी, बंदर आणि गोदी वगळली तर येथे सांगण्यासारखी कारखानदारी नव्हती. गोवा औद्योगिक विकास महामंडळ 1966 मध्ये स्थापन झाले, सत्तरच्या दशकात सांकवाळला खत कारखाना आणि उसगावला टायर कारखाना आला, आणि त्यानंतर वेर्णा, कुंडई, बेतोडा, पिळर्ण, थिवी, पिसुर्ले अशा वसाहती भरत गेल्या. ज्या युनिटांनी 1990 च्या आसपास उत्पादन सुरू केले त्यांनी विशी-बाविशीतली मुले घेतली, ती मुले तेथेच शिकली, तेथेच रुळली, आणि गोव्यात सहसा कोणी फॅक्टरी बदलत नसे म्हणून तेथेच राहिली. 1990 मध्ये बावीस वर्षांचा असलेला मुलगा 2026 मध्ये अठ्ठावन्न पूर्ण करतो. संपूर्ण तुकडीच दारातून बाहेर पडत आहे.

राज्याची लोकसंख्याही त्याच दिशेने जात आहे. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात 8.6 टक्के होते, तर गोव्यात 11.2 टक्के, गोव्याच्या पुढे फक्त केरळ होते. खाली येणाऱ्या पिढीत मुलेच कमी आहेत, आणि आहेत त्यांच्यापुढे पर्याय जास्त आहेत. मध्यंतरी एक आधार मिळाला होता : 2012 मध्ये खाणकाम थांबले आणि 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तेव्हा खाणींच्या वर्कशॉपमधले चांगले फिटर, वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक काम शोधत वसाहतींत आले. तेही आता त्याच वयाला पोहोचले आहेत.

सुरुवात कोठून करावी?

एका कागदापासून. डाव्या बाजूला यंत्रांची आणि कामांची नावे लिहावीत, माणसांची नव्हे. प्रत्येकासमोर ते काम आज कोण करतो, त्याची जन्मतारीख काय, आणि तो आठवडाभर आला नाही तर ते काम कोण करील, हे लिहावे. शेवटचा रकाना जेथे रिकामा राहतो तेथे आपला धोका आहे. बहुतेक मालक वयाची यादी करतात आणि सर्वांत वृद्ध माणसापासून काळजी सुरू करतात. परंतु अठ्ठावन्न वर्षांच्या स्टोअरकीपरच्या जागी माणूस तीन महिन्यांत तयार होतो, आणि एकावन्न वर्षांच्या बॉयलर अटेंडंटच्या जागी होत नाही, कारण तेथे अनुभवाबरोबर परीक्षा आणि प्रमाणपत्रही लागते. एका हातावर चालणारी कामे आधी शोधावीत, वय नंतर पाहावे.

निवृत्तीच्या किती आधी दुसरा माणूस जोडीला द्यावा?

नोटिशीचा महिना पुरेसा नाही, हे सर्वांनाच पटते. पण सहा महिनेही पुरत नाहीत, हे पटायला एक नुकसान व्हावे लागते. माझे मोजमाप साधे आहे : शिकणाऱ्याने जुन्या माणसाबरोबर दोन पावसाळे आणि एक चवथ (गणेशचतुर्थी) काढलेली असावी. पहिल्या पावसाळ्यात तो पाहतो, दुसऱ्यात तो करतो आणि जुना माणूस पाहतो. चवथ यासाठी की त्या आठवड्यात निम्मी हजेरी नसते, यंत्रे बंद करून पुन्हा चालू करावी लागतात, आणि यंत्राचा खरा स्वभाव ते बंद-चालू करतानाच कळतो.

पावसाळ्याचे महत्त्व मी स्वतः किंमत मोजून शिकलो. ज्या छपाई कारखान्यात मी होतो तेथे औषधांचे कार्टन छापले जात. चार रंगांच्या ऑफसेट मशीनवर एक मेस्त, म्हणजे कसबी मिस्त्री, होते. सगळे त्यांना मेस्तच म्हणत. मृग लागला की ते पुठ्ठ्याची पालेटे आदल्या दिवशीच मशीन हॉलमध्ये आणून, वरचे प्लास्टिक न फोडता, ठेवायला लावायचे. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढले की गठ्ठ्याची कड अंगठ्याने खालून वर चाळायचे आणि कान जवळ न्यायचे. कड कोरडी असली की खणखणीत फर्रर्र आवाज येतो, ओल धरलेली असली की तो बसतो. बसका आवाज आला की तो गठ्ठा मशीनला लागत नसे. पावसाळी हवेतली ओल पुठ्ठ्याच्या कडांतून शिरते, कडा लाटेसारख्या उठतात, आणि मग चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. यालाच छपाईवाले रजिस्टर हलणे म्हणतात. मार्चमध्ये मेस्त निवृत्त झाले. कार्यपद्धतीची जाडजूड फाइल आमच्याकडे होती, तिच्यात शाईचे आणि पाण्याचे सर्व आकडे होते, कान जवळ नेण्याविषयी काही नव्हते. जुलैमध्ये एक अख्खा लॉट परत आला. कार्टनवरची बारीक अक्षरे दुहेरी दिसत होती. (भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये ज्या गोव्यात आला, तेथे पावसातल्या कागदाचे हे दुखणे पहिल्या वर्षीच कोणाच्या तरी लक्षात आले असणार, असे मला नेहमी वाटते.)

जुने कामगार आपले कसब शिकवायला तयार नसतात. काय करावे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो बहुधा तक्रारीच्या सुरात विचारला जातो : “तो हातचं राखून ठेवतो.” राखून ठेवतोच. प्रश्न असा आहे की त्याने का ठेवू नये?

लॉट परत आल्यानंतर मी मेस्तांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर त्यांना विचारले की एवढी गोष्ट तुम्ही कोणाला सांगितली कशी नाही. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, तुम्ही विचारलं नाही. आणि सांगितलं असतं तर माझा ओटी (ओव्हरटाइम) गेला असता.” नंतर मी हजेरीचे जुने पट काढून पाहिले. अवघड जॉब आला की रविवारी त्यांनाच बोलावले जाई, कारण दुसऱ्या कोणाला ते जमत नसे. त्या ओव्हरटाइमवर त्यांच्या मुलीचे शिक्षण झाले होते. आम्ही त्यांना शिकवायला सांगत होतो, म्हणजे त्यांच्या दृष्टीने पगाराचा चौथा हिस्सा सोडून द्यायला सांगत होतो, आणि त्या बदल्यात शेवटच्या दिवशी शाल आणि श्रीफळ देणार होतो.

तेव्हापासून मी सल्ला देतो तो असा. शेवटच्या दोन वर्षांसाठी त्या माणसाच्या ओव्हरटाइमची मागील सरासरी काढावी आणि तेवढी रक्कम शिकवणी भत्ता म्हणून पगारात लेखी जोडावी, मग त्याला रविवारी यावे लागो वा न लागो. दुसरे, त्याला पदनाम द्यावे. ‘सीनियर ऑपरेटर’पेक्षा ‘प्रशिक्षक’ हा शब्द ओळखपत्रावर असला की गावात त्याचा अर्थ वेगळा होतो. तिसरे, आणि हे सर्वांत कठीण आहे, शिकणारा माणूस निवडताना त्याचे मत घ्यावे. ज्याच्यावर त्याचा जीव बसत नाही त्याला तो यंत्र दाखवील, पण खाचाखोचा दाखवणार नाही. चौथे, शिकवून झाल्यावर त्याला मुदतीआधी घरी पाठवले जाणार नाही, याची हमी हवी. एकदा जरी तसे घडले तर पुढची दहा वर्षे त्या कारखान्यात कोणी कोणाला काही शिकवणार नाही.

हे ज्ञान लिहून घेता येत नाही का?

काही भाग येतो. परंतु कामगाराला “तुम्ही काय करता ते लिहून द्या” असे सांगितले की तो फाइलमध्ये आहे तेच लिहून देतो, कारण साहेबांना तेच हवे असते असा त्याचा अनुभव असतो. त्याऐवजी बिघाडापासून सुरुवात करावी : गेल्या पाच वर्षांत मशीन कधी कधी अडले, तेव्हा तुम्ही आधी काय पाहिले, कशाला हात लावला, कशाला मुद्दाम लावला नाही. हा संवाद मोबाइलवर, यंत्राजवळच, हात दिसतील असा चित्रित करावा. तो कोकणीत बोलत असेल तर कोकणीतच बोलू द्यावे, मराठीत बोलत असेल तर मराठीत. इंग्रजी कार्यपद्धतीसाठी त्याचे वाक्य सरळ करायला गेले की त्यातले मीठ जाते. चित्रफीत दोन-तीन मिनिटांपेक्षा मोठी नसावी आणि यंत्रावरच क्यूआर कोड लावून ती पाहता यावी. ऑफिसच्या संगणकात ठेवलेल्या चित्रफिती मी एकाही नव्या मुलाला पाहताना पाहिलेले नाही.

निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा कामावर घेता येते का? पेन्शन आणि भविष्यनिर्वाह निधीचे काय होते?

घेता येते, आणि बहुतेकांना यायचे असते. कारण पेन्शनच्या हिशेबात आहे. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 नुसार दहा वर्षांची पात्र सेवा असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले 70, असे तिचे सूत्र आहे. हा पगार प्रत्यक्षातला नसून मर्यादेतला असतो : 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेसाठी जास्तीत जास्त 6,500 रुपये आणि त्यानंतरच्या सेवेसाठी 15,000 रुपये. समजा एखाद्याची 19 वर्षे आधीच्या आणि 11 वर्षे नंतरच्या मर्यादेत मोडली, तर पहिल्या भागाचे सुमारे 1,764 आणि दुसऱ्याचे 2,357 रुपये होतात. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षांची भर धरूनही, तीस वर्षे यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात महिन्याला साडेचार हजारांच्या आसपासच रक्कम पडते. म्हणून तो निवृत्तीनंतर रिक्षा चालवतो, सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो, नाहीतर शेजारच्या युनिटला मदतीला जातो. आपल्याकडचे तीस वर्षांचे कसब शेजारच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहीत बसलेले पाहणे फार वाईट असते.

अठ्ठावन्ननंतर काम सुरू ठेवणाऱ्याला पेन्शन घेणे साठीपर्यंत पुढे ढकलता येते, आणि ढकललेल्या प्रत्येक वर्षासाठी रक्कम चार टक्क्यांनी वाढते. एरवी मालकाच्या हिश्श्यातून मर्यादेतल्या पगाराच्या 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात. अठ्ठावन्ननंतर ते सहसा जात नाहीत आणि पूर्ण हिस्सा भविष्यनिर्वाह निधीतच जमा होतो. ही नोंद बदलायला लेखा विभाग हमखास विसरतो, आणि मग त्या माणसाचा पेन्शनचा दावा अडकतो.

पुनर्नियुक्ती नेहमी लेखी आणि ठरावीक मुदतीची असावी. कामात ‘शिकवणे’ हे स्पष्ट लिहावे. त्याला पुन्हा उत्पादनाच्या लक्ष्यावर लावले, तर आपण फक्त तारीख पुढे ढकललेली असते. आठवड्याला तीन दिवस, फक्त जनरल शिफ्ट, ही मांडणी मला सर्वांत यशस्वी झालेली दिसली आहे, कारण साठीच्या माणसाला रात्रपाळी झेपत नाही आणि उरलेल्या दिवसांत त्याला कुळागर (सुपारी-नारळाची बाग) पाहायचे असते.

ग्रॅच्युइटी तेव्हाच द्यावी लागते की पुनर्नियुक्ती संपल्यावर?

मूळ सेवा संपते तेव्हाच. शेवटचे मासिक वेतन भागिले 26 गुणिले 15 गुणिले सेवेची वर्षे, हे सूत्र आहे. 26,000 रुपये वेतन आणि 30 वर्षे सेवा असेल तर 4,50,000 रुपये होतात. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यावर मुदतबंद नेमणुकीवरील कर्मचाऱ्यालाही एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, म्हणून पुनर्नियुक्तीचा खर्च मांडताना ती रक्कम धरावी. एकाच दिवशी पाच जण निवृत्त होणार असतील तर पैशांची तरतूद आधीच्या वर्षांत करून ठेवावी. ग्रॅच्युइटीसाठी खेटे घालणारा माणूस शिकवायला येत नाही.

नवी मुले कोठून मिळवावीत?

फर्मागुढी, मडगाव, म्हापसा, वास्को, डिचोली, काणकोण येथील आयटीआय आणि पणजी, डिचोली, कुडचडे येथील सरकारी तंत्रनिकेतने सर्वांनाच माहीत आहेत. तरी बहुतेक युनिटे तेथे जून-जुलैत, निकाल लागल्यावर, इतरांबरोबर जातात आणि उरलेली मुले घेऊन येतात. ज्यांना मुले मिळतात ते वर्षभर जातात. एका युनिटने आपला जुना टर्नर महिन्यातून एक शनिवार आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पाठवायला सुरुवात केली, जुन्या लेथचे सुटे भाग आणि तुकडे सरावासाठी दिले, आणि दोन वर्षांनी त्या तुकडीतली मुले पहिल्यांदा त्यांच्या फाटकावर आली. खर्च जवळजवळ काहीच झाला नव्हता.

शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 याकडे आपल्याकडे अजूनही कागद भरण्याची कटकट म्हणून पाहिले जाते. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा पाव हिस्सा, दरमहा कमाल 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. बंधन आहे म्हणून 2.5 टक्के घेणारे युनिट त्या मुलांना झाडलोट आणि पॅकिंगला लावते, आणि वर्ष संपताच ती निघून जातात. निवृत्तीची लाट समोर दिसत असेल तर दहा-बारा टक्के घ्यावेत आणि प्रत्येकाला एका मेस्ताच्या हाताखाली द्यावे. त्यातले निम्मे गेले तरी उरलेले पुरतात.

सरकारी नोकरी, बोट आणि परदेश यांच्याशी आम्ही स्पर्धा कशी करावी?

सरकारी नोकरीशी पगारात स्पर्धा करता येत नाही, आणि करूही नये. गोव्यात घरच्यांच्या दृष्टीने सरकारी नोकरी म्हणजे साठ वर्षांपर्यंतची खात्री, घराजवळचे ठिकाण आणि लग्नाच्या बोलण्यात वजन. यांतली खात्री मात्र खासगी कारखान्यालाही देता येते. दोन-दोन वर्षे कंत्राटदाराच्या नावावर ठेवून, “पुढे बघू” असे सांगत राहिल्यावर मुलगा सरकारी जाहिरातींचे अर्ज भरत राहणारच. एका वर्षानंतर, ठरलेल्या चाचणीत उत्तीर्ण झाल्यास, कायम, असे नेमणूकपत्रातच लिहून दिले, तर निदान आईवडिलांचा दबाव कमी होतो.

बोटीवर जाणारे वेगळे. क्रूझवरच्या सहा-नऊ महिन्यांच्या करारात जे पैसे मिळतात ते येथे मिळणार नाहीत, म्हणून त्यांना अडवू नये. पण बोटीवरचे आयुष्य चाळिशीच्या आसपास नकोसे होते आणि ही माणसे परत येतात, शिस्त आणि यंत्रांची सवय घेऊन. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल ठेवणारी युनिटे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसली. परदेशाचा रस्ताही आता पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाही : मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते, पण त्या पारपत्रावर थेट ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक होणे 2020 अखेर संपले.

पगार वाढवला तर लोक थांबतात का?

काही काळ. मात्र सोडून गेलेल्या मुलांना सहा महिन्यांनी फोन करून विचारले, तर पगाराच्या आधी येण्याजाण्याचे कारण निघते. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते. त्या वेळी कुंडईहून सावईवेऱ्याला किंवा बेतोड्याहून शिरोड्याच्या आतल्या वाड्यांना बस नसते. मुलगा मोटारसायकलवर जातो, पावसाळ्यात, घाटात, दिव्याविना. एकदा घसरून पडला की आई त्याला पुन्हा पाठवत नाही. दीड हजार रुपयांची वाढ हा प्रश्न सोडवत नाही, सामाईक गाडी सोडवते. वसाहतीतल्या चार-पाच शेजारी युनिटांनी सेकंड शिफ्टची वेळ एकच ठेवून मिळून एक मिनीबस केली, तर एकेकट्याने केलेल्या पगारवाढीपेक्षा ती स्वस्त पडते. शेजाऱ्याशी बोलायला आपल्याला जड जाते, एवढीच अडचण.

वेर्णा आणि पिळर्णच्या बाजूला घरभाडे हे दुसरे कारण आहे. जी खोली पूर्वी कामगाराला मिळत असे ती आता पर्यटकाला दिवसाच्या दराने दिली जाते. सत्तरी, सांगे, पेडणे येथून येणाऱ्या मुलाला रोज तीन तास प्रवास किंवा निम्मा पगार भाडे यांतून निवड करावी लागते.

पगाराविषयी एकच इशारा : बाजारभावाने नव्या मुलाला जास्त देताना, पंधरा वर्षे काम केलेल्या माणसाच्या जवळ त्याचा आकडा जात नाही ना, हे आधी पाहावे. पगारपत्रके गुप्त असतात हा व्यवस्थापनाचा समज आहे. कँटीनमध्ये दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळे माहीत असते. वेतनकराराच्या बोलणीतच युनियनला विश्वासात घेऊन कौशल्यभत्ता स्वतंत्र ठरवावा, म्हणजे जुन्यालाही चाचणी देऊन तो मिळवता येतो.

मुले पहिल्या तीन महिन्यांतच सोडून जातात. का?

पहिल्या दिवशी त्यांना कोणी ओळख करून देत नाही म्हणून. हे उत्तर फार किरकोळ वाटते, पण मी ते बदलणार नाही. लॉकर नाही, गणवेश मापाचा नाही, कँटीनमध्ये कोणत्या टेबलाशी बसायचे ते माहीत नाही, आणि पहिला पगार बँक खात्याच्या घोळात दहा दिवस उशिरा.

शेजारच्या राज्यांतून माणसे आणणे हा उपाय आहे का?

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी आणि कारवार येथून गोव्याच्या कारखान्यांत माणसे पूर्वीपासून येत आहेत. ती पाहुणी नाहीत. लांबच्या राज्यांतून कंत्राटदारामार्फत आणलेल्या मनुष्यबळाने संख्या भरते, परंतु ज्या कामाला दोन पावसाळे शिकावे लागते त्या कामावर दर आठ महिन्यांनी बदलणारा माणूस ठेवता येत नाही. स्थानिकांनाच प्राधान्य, ही मागणी गोव्यात रास्तपणे होते. तिच्याशी भांडण्याऐवजी, कसबाची कामे कंत्राटाबाहेर काढली तर निम्मा वाद मिटतो.

महिलांना तांत्रिक कामांवर घेताना काय पाहावे?

औषधनिर्मिती आणि इलेक्ट्रॉनिक्स युनिटांत महिला पूर्वीपासून आहेत, बहुतेक पॅकिंग आणि जुळणीला. त्यांच्यातल्या दहा-दहा वर्षे लाइनवर असलेल्या अनेकींना यंत्राचा आवाज ऑपरेटरइतकाच कळतो. त्यांना सेटिंग शिकवले की नवा माणूस शोधावाच लागत नाही. रात्रपाळी द्यायची असेल तर संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतची वाहतूक आवश्यक आहे. स्वच्छतागृह मशीन हॉलपासून किती लांब आहे, हे मालकाने एकदा स्वतः चालत जाऊन मोजावे.

आमच्याकडे फक्त बारा माणसे आहेत. हे सर्व आम्हाला कसे जमणार?

बारा माणसांत प्रत्येकजण एका हातावरचे काम करतो, त्यामुळे धोका मोठा असतो, पण उपाय सोपा असतो. शुक्रवारी दोन तास माणसांची अदलाबदल करावी. फिटरने लेथ चालवावा, लेथवाल्याने पंप खोलावा. उत्पादन थोडे कमी होईल. वर्षभरात प्रत्येक यंत्राला दुसरा हात तयार होतो. शिवाय लहान युनिटात मालक स्वतः यंत्राजवळ असतो, आणि मेस्त मालकाला जे सांगतो ते कार्मिक अधिकाऱ्याला कधीच सांगत नाही.

निवृत्तीच्या दिवशी काय करावे?

समारंभ करावाच, शाल, श्रीफळ, समई, सर्वांचा एकत्र फोटो. घरच्यांना बोलवावे आणि त्यांना यंत्र दाखवावे, कारण तीस वर्षे हा माणूस कोठे जात होता ते त्यांनी बहुधा पाहिलेले नसते.

पण त्याच्या आठवडाभर आधी, शिकणाऱ्या मुलाला सोबत घेऊन, त्याचा लॉकर त्याच्याकडूनच उघडून घ्यावा. जुन्या कामगारांच्या लॉकरमध्ये त्यांनी स्वतः घडवलेली हत्यारे असतात : वाकवलेला पाना, घासून पातळ केलेली पट्टी, फणसाच्या लाकडाची पाचर, पेन्सिलीने आकडे लिहिलेली वही. प्रत्येक वस्तू कशासाठी, हे त्याने सांगावे आणि मुलाने तेथल्या तेथे चिठ्ठी बांधावी. एका बॉयलर अटेंडंटच्या बाबतीत आम्ही हे केले नाही. निवृत्तीनंतर ते मुलाकडे परदेशी गेले, आणि महिनाभराने लॉकर रिकामा करताना एक पितळी पट्टी निघाली, टोकाला वाकवलेली, मध्ये दोन खाचा असलेली, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. ती कशाला लावायची ते आजवर कोणालाही सांगता आलेले नाही. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.